अडवले कोणाला, अडले काय

बांधकामाच्या जागेवर तपासणीला आलेल्या कामगार निरीक्षकाला फाटकातून आत सोडले नाही किंवा मस्टर दाखवायला नकार दिला, तर शिक्षा काय? इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यात, कलम ४९ मध्ये, ती स्पष्ट लिहिलेली होती : तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच बांधकामाला वाळू घेऊन निघालेल्या डंपरच्या चालकाने वाटेत तलाठ्याला ढकलले, तर २०१८ नंतर महाराष्ट्रात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती आणि खटला थेट सत्र न्यायालयात चालत होता. अडथळा दोन्हीकडे सरकारी तपासातच होता. पहिल्या अडथळ्यामागे दहाव्या मजल्यावर बिनपट्ट्याने काम करणारा सेंट्रिंगवाला असू शकतो, दुसऱ्यामागे रिकामी होत चाललेली नदी. शिक्षेतला हा फरक अडथळ्याने झालेल्या नुकसानीवरून ठरलेला नाही. तो अंगाला हात लागला की नाही एवढ्यावरून ठरला आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे पाहिले की हा प्रश्न नीट उलगडतो. इथे रस्ते, कालवे, उपसा सिंचन योजना आणि घरे यांची कामे कायम चालू असतात. शेंद्रे ते कागल महामार्गाचे सहापदरीकरण आहे, मिरजेवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहे, टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे कालवे आहेत. या सगळ्याला वाळू, मुरूम आणि खडी लागते. ती येते कुठून, कोणाच्या परवानगीने येते आणि ती रचणाऱ्या माणसांची नोंद कुठे आहे, हे विचारणारे सरकारी लोक मोजकेच असतात. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार, कामगार अधिकारी, नगररचना विभागाचा अभियंता. पोलीस बहुतेकदा यांच्या मागून येतात.

आधी कायद्याची मांडणी पाहू. सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८६ खालचा गुन्हा होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली येतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड. बळाचा वापर झाला तर पूर्वी कलम ३५३, आता १३२. जुन्या ३५३ ची मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून ती पाच वर्षांवर नेली. या दुरुस्तीमागे बरीच वर्षे साचलेला राग होता. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले, तेव्हा राज्यभरातले महसूल कर्मचारी रस्त्यावर उतरले होते. वाळूच्या गाड्या अडवणाऱ्यांवर हल्ले होतच होते. पण १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली, राज्याची दुरुस्ती जुन्या संहितेबरोबर गेली आणि १३२ ची शिक्षा पुन्हा दोन वर्षांवर आली. दुखापत झाली तर कलम १२१ आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

यात एक बारकावा आहे आणि तो गावपातळीवर फार महत्त्वाचा ठरतो. कलम २२१ च्या गुन्ह्याची दखल न्यायालय पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून घेऊ शकत नाही. ज्या नोकराला अडवले त्याने, किंवा त्याच्या वरिष्ठाने, न्यायालयात लेखी तक्रार द्यावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ मधली ही अट जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. पोलिसांनी ऊठसूट कोणालाही अडथळ्याच्या गुन्ह्यात गोवू नये, हा तिचा हेतू. पण ज्या मंडल अधिकाऱ्याला उद्या त्याच गावात पंचनाम्याला जायचे आहे, ज्याच्यामागे पीक पाहणी, निवडणूक, टंचाई, दाखले अशी कामे लागलेली आहेत, त्याने स्वतः न्यायालयात तक्रारदार म्हणून उभे राहायचे असते. त्यामुळे बिनधक्क्याचा अडथळा बहुतेक वेळा कागदावरच येत नाही. कागदावर येते ती झटापट. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १८६ बद्दल सांगितले की अडथळा म्हणजे केवळ अंगबळाचा वापर नव्हे. हा निर्णय तालुक्याच्या ठिकाणी पोहोचायला हवा.

वाळूवर जास्त थांबावे लागेल, कारण या दोन जिल्ह्यांत तपासाला होणारा अडथळा तिथेच सर्वांत उघड दिसतो.

माणगंगा माण तालुक्याच्या डोंगरात उगवते, म्हसवडवरून आटपाडीत येते, पुढे सांगोल्यातून जाऊन पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. म्हणजे एकच नदी सातारा, सांगली आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांतून वाहते. वर्षाचे बरेच महिने तिच्यात वाहते पाणी नसते. पात्रातली वाळू हाच तिचा साठा. वाळू पाणी धरून ठेवते, काठावरच्या विहिरींना ते मिळते. वाळू गेली की पात्र खडकापर्यंत उघडे पडते आणि पावसाचे पाणी न थांबता निघून जाते. पाऊस कमी पडणाऱ्या माणदेशात याचा अर्थ काय होतो, तो इथल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

सूर्यास्तानंतर वाळू काढायला मनाई आहे, म्हणून चोरटा उपसा रात्री होतो आणि त्यामुळे छापाही रात्रीच पडतो. तलाठी, कोतवाल, एखादा शिपाई आणि मिळाली तर सरकारी गाडी, एवढ्या बळावर. समोर जेसीबी, पाच-सहा ब्रासचे डंपर आणि रस्त्याच्या तोंडाशी दुचाकीवर बसवलेली पोरे, जी तहसीलची गाडी निघाली की फोन करतात. या टेहळणीने तपास पथक पोहोचण्याआधीच पात्र मोकळे होते. कोणी कोणाला हात लावत नाही. गुन्हा घडून जातो, तपासही घडू दिला जात नाही, आणि अडथळ्याची नोंद कुठेच होत नाही.

झटापट होते ती गाडी सापडली की. तिचे कारण पैशात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे अवैध गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. ४८(८) प्रमाणे वाहन जप्त होते. २०१८ च्या नियमदुरुस्तीनुसार डंपर सोडवायला दोन लाख आणि उत्खनन यंत्र सोडवायला साडेसात लाख रुपये भरावे लागतात. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली, चालक रोजंदारीवरचा. गाडी पकडली गेली तर मालक त्याला ठेवणार नाही, हे चालकाला ठाऊक असते. दंड वाढवताना सरकारने चोरी महाग केली, पण पकडले जाणेही इतके महाग केले की समोर उभ्या असलेल्या माणसाला चुकवून, प्रसंगी उडवून, पळणे चालकाला परवडू लागले. २०२१ च्या मे महिन्यात जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यात वाळूचा टेम्पो अडवणाऱ्या पोलीस शिपायाला चिरडून मारले गेले. दंड कमी करावा असे मी म्हणत नाही. दंडाबरोबर छाप्याला जाणाऱ्या माणसाचे संरक्षण वाढवले गेले नाही, ही माझी तक्रार आहे. एका तलाठ्याच्या हातात पाचपट दंडाचा अधिकार देऊन त्याला अंधारात नदीत पाठवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

राज्याने उपाय केले नाहीत असे नाही. २०१५ मध्ये वाळू तस्करांना एमपीडीए कायद्याच्या कक्षेत आणले, म्हणजे त्यांना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येते. महाखनिज प्रणालीतून वाहतूक पास ऑनलाइन झाले. २०२३ च्या धोरणात सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले. २०२५ मध्ये ते धोरण बदलून पुन्हा लिलावाकडे वळण्यात आले आणि कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचे ठरले. मला यातला शेवटचा मार्ग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दगड फोडून केलेली वाळू बांधकामाला पुरेशी आणि परवडणारी झाली, तर नदीतल्या रात्रींचे मोलच उतरेल. अर्थात मग क्रशर आणि खाणपट्ट्यांची तपासणी आली, आणि तिथेही फाटके असतातच.

या भूमीचा इतिहास मात्र हा प्रश्न सोपा राहू देत नाही. आजचा सांगली जिल्हा मोठ्या भागाने जुन्या सातारा जिल्ह्यातूनच निघाला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. याच अखंड साताऱ्यात १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रज सत्तेचा अंमल गावोगावी मोडून काढला. सरकारी माणसाला गावात पाऊल ठेवू न देणे ही तेव्हा देशभक्ती होती. लोकांनी ती जीव धोक्यात घालून केली. सरकारला अडवणारा माणूस इथे आपोआप खलनायक ठरत नाही, त्यामागे ही पुण्याई आहे. वाळूचा धंदा करणारे काही लोक गावात रुबाबाने वावरतात, यात्रेला वर्गणी देतात, पोरांच्या मंडळांना मदत करतात, तेव्हा ते याच आदरातला वाटा उचलत असतात. तो वाटा त्यांचा नाही. प्रतिसरकारने गावाचे जे होते ते राखले. हे गावाचे विकत आहेत.

दुसरी गोष्ट तर थेट वाळूचीच आहे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यात दुष्काळ पडत होता आणि येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या शेतकऱ्यांनी, डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने, या उपशाला विरोध केला. वाळू गेली तर विहिरी जातील, हे त्यांनी अभ्यासातून मांडले. नुसते थांबवा म्हणून ते राहिले नाहीत. गावाला मर्यादित वाळू स्वतः विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो, अशी मागणी त्यांनी केली आणि ती मान्य करून घेतली. बलवडी आणि तांदुळवाडी या गावांसाठीचे बळीराजा स्मृती धरण येरळेवर असे उभे राहिले. त्यावेळी ठेकेदाराचा उपसा कायदेशीर होता आणि अडवणारे गावकरी होते. नदीची खरी चौकशी मात्र गावकरीच करत होते.

म्हणून कुर्डूच्या प्रसंगाकडे मी फक्त राजकारण म्हणून पाहू शकत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातले हे गाव. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अवैध मुरूम उपशाच्या तक्रारीवरून करमाळ्याच्या पोलीस उपविभागीय अधिकारी अंजना कृष्णा तिथे कारवाईला गेल्या. एका कार्यकर्त्याने तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांना फोन लावला आणि तो अधिकाऱ्यांच्या हातात दिला. कारवाई थांबवा, असे त्यांना सांगितले गेले. फोनवर बोलणारे खरेच उपमुख्यमंत्री आहेत का, याची त्यांनी विचारणा केल्यावर संभाषण तापले आणि चित्रफीत देशभर फिरली. कायद्याच्या अंमलबजावणीत हस्तक्षेप करण्याचा आपला हेतू नव्हता, परिस्थिती शांत राहावी एवढेच हवे होते, असा खुलासा पवार यांनी नंतर केला. मुरूम गावच्या रस्त्यासाठीच होता, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला तो गावातल्या लोकांवर.

गावकऱ्यांचा दावा खरा की खोटा, हे ठरवण्याची जागा न्यायालय आहे. मला दिसते ते असे : जागेवर गर्दी करणारा माणूस कलमात सापडतो आणि फोनची वाट सापडत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात नोकरी केलेल्या महसूल कर्मचाऱ्याला विचारावे, पात्रात दगड जास्त वेळा आडवा येतो की फोन. फोन कारखान्याच्या संचालकाचा असू शकतो, जिल्हा परिषद सदस्याचा, आमदाराच्या स्वीय सहायकाचा. धमकी क्वचितच असते. असते ती विनंती, आणि तिच्या पाठीमागे बदलीची भीती. कुर्डूत तरुण अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न साधा होता, की मला हा आदेश कोण देते आहे. तो प्रश्न विचारण्याची सोय प्रत्येक तलाठ्याला हवी.

आता इमारतींकडे. सांगली शहरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांना आठवतात. पुराच्या कारणांचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने इतर कारणांबरोबर पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडेही बोट दाखवले. निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकून बांधकाम होते तेव्हा महापालिकेचा अभियंता मोजमाप घ्यायला जातो. त्याला अडवण्याच्या रीती निराळ्या. मालक गावाला गेलेला असतो. जागेवरचा वॉचमन मला काही माहीत नाही म्हणतो. नोटीस भिंतीला चिकटवली तर ती दुसऱ्या दिवशी फाटलेली असते. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस निघाल्यावर मुदत चालू असतानाच स्लॅब पडतो आणि कुटुंब राहायला येते. मग बुलडोझर घेऊन जाणाऱ्या पथकाला बायकामुले सामोरी येतात, आणि त्या दिवशीच्या आक्रोशाला अडथळा म्हणायचे का, हा प्रश्न कठोरातल्या कठोर अधिकाऱ्यालाही पडतो. ज्याने पूररेषेत प्लॉट पाडून विकले तो त्या दिवशी तिथे नसतो. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे, तिथल्या डोंगरांतही बंद फाटकामागे जेसीबी चालवण्याचे प्रकार वारंवार उघडकीला आले आहेत. खासगी रस्ता आणि कुलूप एवढ्यावर आठवडे काढता येतात, आणि आठवड्यात डोंगर कापून होतो.

बांधकाम मजुरांच्या बाबतीत अडथळा सर्वांत शांत आहे. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले यांत जतकडचे, कर्नाटकातले, बिहार-उत्तर प्रदेशातले लोक असतात. १९९६ च्या कायद्याने काम सुरू होण्याच्या तीस दिवस आधी निरीक्षकाला सूचना देणे मालकावर बंधनकारक केले होते, कारण जागाच माहीत नसेल तर तपासणी होणार कशाची? सूचनाच न देणे हा अडथळ्याचा पहिला आणि सर्वांत परिणामकारक प्रकार. पुढचे प्रकार ठेकेदारीतून येतात. साहेब आले की अर्धे मजूर घरी पाठवायचे, म्हणजे कायदा लागू व्हायला लागणारी दहाची संख्या भरत नाही. मस्टर मुकादमाकडे, मुकादम दुसऱ्या साइटवर, बांधकाम मालक पुण्यात. खोटी उत्तरे देण्याची धास्ती मजुराला घातलेली असते, कारण त्याची उचल ठेकेदाराकडे आहे. फिर्याद करायची तर मुदत गुन्हा कळल्यापासून तीनच महिन्यांची होती. एवढ्या अवधीत निरीक्षकाने मालक शोधायचा, नकार सिद्ध करायचा आणि मंजुरी घेऊन न्यायालयात जायचे. त्या कायद्यात एक चांगली वाट होती. नोंदणीकृत कामगार संघटनेचा किंवा स्वयंसेवी संस्थेचा पदाधिकारीही तक्रार करू शकत असे. ही वाट फार थोड्यांनी वापरली, याची खंत वाटते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची संहिता लागू झाली आहे. निरीक्षकाच्या पदाला सुलभकाचीही जबाबदारी जोडली गेली, तपासणीची जागा संगणकीय निवडीने ठरावी अशी रचना झाली आणि दंडाच्या रकमा मोठ्या झाल्या. हजार रुपयांचा तो दंड गेला हे चांगले झाले. पण संगणकाने निवडायलाही बांधकामाची जागा नोंदलेली असावी लागते, आणि तालुक्याच्या गावातली चार मजली इमारत नोंदीत येतेच असे नाही. भारताने १९४९ मध्ये मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८१ व्या कराराचे कलम १२ निरीक्षकाला पूर्वसूचनेशिवाय, दिवसा-रात्री कधीही आत जाण्याचा हक्क देते. कलम १५ तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवायला सांगते आणि कलम १८ निरीक्षकाला अडवणाऱ्याला पुरेशी शिक्षा हवी असे म्हणते. बारावे कलम आपण कमी-अधिक घेतले. पंधराव्याची हमी साइटवरच्या मजुराला अजून कोणी दिलेली नाही.

शिक्षा नुसती वाढवण्याविषयी मी सावध का आहे, त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळते. तिथे २००५ मध्ये बांधकाम उद्योगासाठी खास आयोग नेमला गेला. माणसाला बोलावून सक्तीने प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला होता आणि हजर न राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. २००८ मध्ये अ‍ॅडलेडच्या एका साइटवर मजुरांनी सुरक्षिततेच्या मुद्द्यावर बैठक घेतली. त्याबद्दल जबाब द्यायला एका मजुराने नकार दिला, त्याच्यावर खटला झाला आणि २०१० मध्ये तो निर्दोष सुटला. आयोग २०१२ मध्ये गुंडाळला, २०१६ मध्ये पुन्हा आणला आणि २०२३ मध्ये पुन्हा बंद केला. चौकशीला अडथळा हा गुन्हा त्या देशात सुरक्षितता मागणाऱ्या मजुरावर उगारला गेला होता. ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यात निरीक्षकाला जाणूनबुजून अडवणे हा गुन्हा आहे आणि तो साक्षीदाराला उत्तर द्यायला भागही पाडू शकतो, मात्र तसे मिळवलेले उत्तर त्याच माणसाविरुद्ध वापरता येत नाही. भीतीपोटी गप्प बसणाऱ्या आपल्या मजुराला नेमके असे काहीतरी हवे आहे.

सातारा-सांगलीसाठी मला तीन गोष्टी तातडीच्या वाटतात. अडथळ्याची लेखी तक्रार एकट्या तलाठ्यावर न टाकता ती तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांनी कार्यालयाच्या नावे न्यायालयात द्यावी. कायदा वरिष्ठाला ती मुभा देतोच, तिची सक्ती व्हावी. दुसरे, छाप्याच्या किंवा तपासणीच्या वेळी आलेला प्रत्येक फोन, कोणाचा आणि काय म्हणाला, पंचनाम्यात लिहिला जावा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, जिल्हाधिकाऱ्यांचे परिपत्रक पुरे आहे. आणि तिसरे, माणगंगा, येरळा, अग्रणी यांच्या काठच्या ग्रामसभांना आणि बांधकाम कामगारांच्या संघटनांना तपासणीच्या वेळी हजर राहण्याचा आणि थेट तक्रार करण्याचा हक्क मिळावा. कामगार संघटनेचे जुन्या कायद्यातले दार नव्या व्यवस्थेतही उघडे राहावे. येरळेकाठच्या शेतकऱ्यांनी ठेकेदाराच्या उपशाचा हिशेब मांडला तेव्हा त्यांच्याकडे कोणताही सरकारी अधिकार नव्हता, तरी त्यांचा हिशेब सरकारला मान्य करावा लागला होता.